पाचव्या ‘का’चे उत्तर

प्रथम तारखा. महिना-वारासह त्या माझ्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर आहेत आणि ज्यांना पत्रे पोचली त्यांच्याकडे त्या असणारच. येथे मी त्या माझी नात सांगते तशा देतो, कारण जे घडले ते तिच्या बाबतीत घडले. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिला रविवार: मैदानावर पांढरा फळा आला. संक्रांतीनंतरचा रविवार: माझ्या नातीने खरे सांगितलेले एक वाक्य त्या फळ्यावर लिहिले गेले. त्याच दिवशी, शाई वाळायच्या आत, तिच्या प्रशिक्षक बाईंनी ते पुसले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहिली शिफ्ट सुटायच्या सुमारास: बाईंना क्लबमधून काढल्याचा निरोप पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. होळीच्या आदल्या दिवशी माझ्या नातीने आपली खेळाची काठी माळ्यावर टाकली.

आता जबाबदार. पहिले, क्लबच्या पालक समितीचे अध्यक्ष. हे गृहस्थ चाकणच्या एका मोठ्या कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत. दुसरे, समितीचे बाकीचे सभासद, ज्यांनी एकाही प्रश्नाशिवाय त्या निरोपाखाली अंगठे उमटवले. तिसरा माझा मुलगा, म्हणजे त्या मुलीचा बाप.

नाव मी कोणाचेच लिहीत नाही. नाव लिहिले की माणूस बदनामीच्या दाव्याची ढाल पुढे करतो. कृत्य लिहिले की त्याला फक्त ते केले की नाही एवढेच सांगता येते. नातीला मी विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, “लिहा आजोबा. पण माझ्या टी-शर्टचा नंबर नका लिहू.” तो मी लिहिणार नाही.

माझी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात गेली. कामगारावर आरोप आला की त्याची खातेअंतर्गत चौकशी चालवायची, हे माझे काम. चोरी, मारामारी, मशिनवर झोपणे, साहेबाला शिवी. असली प्रकरणे मी ऐकली. ज्याने शॉप फ्लोअरवर सगळ्यांदेखत फोरमनच्या कानाखाली वाजवली त्यालाही आम्ही आधी आरोपपत्र दिले, उत्तराला मुदत दिली, सोबत एक सहकारी आणू दिला, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले, आणि प्रत्येक साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवून मगच त्याची सही घेतली. शेवटी काढायचे ते काढलेच. पण ऐकल्याशिवाय कोणाला काढले नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. एखाद्या प्रश्नाला काय वजन असते ते मला ठाऊक आहे, एवढेच सांगायचे आहे.

लॅक्रोस नावाचा खेळ मोशीत आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. लांब काठीच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी असते. त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळत न्यायचा आणि तिच्यातूनच गोलात फेकायचा. चेंडू रबराचा, पण हातात घेतला तर दगडच वाटतो. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुनी शेतजमीन आहे. तिथे इमारत उठणार आहे, अजून उठलेली नाही. मूळ मालकांच्या घरच्यांनी पायाचे खड्डे खणायला सुरुवात होईपर्यंत मुलींना खेळू द्यायचे कबूल केले. त्या तात्पुरत्या जागेवर हा क्लब उभा राहिला, आणि तो उभा केला परभणीकडच्या एका मुलीने.

‘बाई’ मी आदराने म्हणतो. वयाने ती माझ्या धाकट्या भाचीएवढी असेल. पूर्वी हॉकी खेळायची. बहिणीचे यजमान कुरुळीत कंपनीला लागले म्हणून बहिणीच्या पाठोपाठ इकडे आली, कुठल्याशा शिबिरात हा नवा खेळ शिकली आणि आमच्या भागातल्या मुली गोळा करू लागली. मुली तिला ताई म्हणत. कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये ज्यांना कोणी संघात घेतले नसते अशा मुली तिने घेतल्या. माझी नात त्यांतली एक. अबोल, अंगाने किरकोळ, आणि कुठेही उभी केली तरी दोन पावले मागे सरकणारी. तिला बाईंनी गोलकीपर केले. मी चकित झालो आणि तसे बोललोही. बाई म्हणाल्या, “आजोबा, ती मागं सरते ना, तशी सरता सरता बघत पण असते. बाकीच्या लेकरायला बघायचं शिकवावं लागतंय.”

सरावाला नातीला न्यायचे-आणायचे काम माझ्याकडे होते, कारण घरात बाकी सगळ्यांच्या शिफ्ट. मैदानाच्या कडेला ओढ्यावर एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर मी बसत असे. तिथून सगळे दिसे, ऐकू थोडे थोडे येई. बाईंची एक पद्धत होती. सामन्याआधी सगळ्या मुली मातीतच गोल करून बसत आणि प्रत्येकीने आज आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचे. त्या गोलात बोललेले गोलाबाहेर न्यायचे नाही. आईबापांनाही सांगायचे नाही. सामना संपला की पुन्हा तोच गोल, आणि मधे शेंगदाणे-गुळाची पिशवी. पहिली मूठ गोलकीपरला. शेंगदाणे संपेपर्यंत सामन्याबद्दल अवाक्षर नाही. जिंकले तरी हेच, हरले तरी हेच.

पहिल्या दिवशी घरी येताना मी नातीला विचारले की तू गोलात काय सांगितलेस. ती म्हणाली, “ते आमच्यातलं आहे, आजोबा.” मला तिचा राग आला नाही, उलट आनंद झाला. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट न्यायाधीशालाही विचारता येत नाही. या मुलीला कायद्याचा तो धडा शेंगदाण्याच्या पिशवीतून मिळाला होता. घरी जेवताना शब्द न काढणारी ही पोर त्या गोलात बसून बोलते, एवढे मला पुरेसे होते. पुढे ती घरीही बोलू लागली. संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंड भिंतीवर चेंडू मारत बसे, आणि खाली खुर्ची टाकून बसलेल्या मला वर्गातल्या गोष्टी न विचारता सांगे. वॉचमनने भिंतीवर डाग पडतात म्हणून तक्रार केली. त्याला मी लेखी उत्तर दिले.

पालकांची मते मात्र पहिल्यापासून वेगवेगळी होती, आणि ती मोरीजवळच्या एका निंबाखाली दर रविवारी ऐकायला मिळत. कोणाला दहावीला खेळाचे वाढीव गुण हवे होते. त्यांना खेळ कोणता याच्याशी कर्तव्य नव्हते. कोणाची मुलगी मोबाईलपासून सुटली म्हणून ते खूश. हिंजवडीला आयटीत असलेल्या एका आईला प्रत्येक सामन्याचे चित्रण हवे असे. गूळ-शेंगदाण्यावरून कायम कुरबुर. एकदा सामना मोठ्या फरकाने हरल्यावर एक वडील म्हणाले, “हरवलं तिनं, आणि पहिला खाऊ पण तिलाच. भारी आहे राव ही कंपनी, मला पण घ्या.” सगळे हसले. मी हसलो नाही, पण तेव्हा त्यात वाईट हेतूही मला दिसला नाही.

अध्यक्षांबद्दल दोन्ही बाजू नोंदवणे मला भाग आहे. ती माझी सवय आहे. त्यांची मुलगी संघात आक्रमणाला खेळते. ते आले तेव्हा क्लबजवळ प्यायच्या पाण्याचा जार नव्हता, तो त्यांनी सुरू केला. प्रथमोपचाराची पेटी त्यांनी आणली. माझी नात कोणाच्या तरी भावाचे क्रिकेटचे हेल्मेट घालून उभी राहायची. तिला या खेळाचे खरे हेल्मेट आणि छातीची ढाल त्यांनीच मिळवून दिली. माणूस मेहनती, आवाज चढवणारा नाही, ‘काका’ म्हणून माझ्याशी वाकून बोलणारा. त्यांनी पालक समिती बनवली तेव्हा तिला कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही, कारण समितीचे नियम लिहून असावेत ही सूचना माझीच होती.

मग दिवाळीनंतर फळा आला.

आमच्या या पट्ट्यात राहणाऱ्याला तो फळा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एखादा नग खराब निघाला, तर लाइनवर फळ्यासमोर सगळे जमतात आणि ‘का’ असे पाच वेळा विचारतात. भोक वाकडे का पडले? ड्रिल हलले म्हणून. ड्रिल का हलले? असे खाली खाली जात पाचव्या ‘का’ला मूळ कारण सापडते असे मानतात. याला ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. मूळ कारणापुढे उपाय लिहितात, उपायापुढे जबाबदार माणूस, आणि त्यापुढे मुदत. लोखंडासाठी ही पद्धत उत्तम आहे. माझ्या काळात ती नुकतीच आली होती आणि तिने नुकसान कमी झालेले मी पाहिले आहे.

अध्यक्षांनी ती गोलांसाठी लावली. प्रत्येक सामन्यानंतर फळा कुणाच्या तरी स्कूटरला टेकवून उभा करायचा, मुलींना ओळीत उभे करायचे आणि झालेल्या प्रत्येक गोलाचा ‘का’ विचारायचा. मुलींची नावे नको म्हणून टी-शर्टचे नंबर लिहायचे. हे त्यांना सभ्यपणाचे वाटे. शेंगदाण्याचा गोल त्यामुळे मागे पडला. आधी फळा, मग पिशवी, आणि पिशवी उघडेपर्यंत निम्म्या मुली घरी निघालेल्या. पालकांना फळा आवडला हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निंबाखालचे बहुतेक लोक या कंपन्यांतच राबतात. ज्या पद्धतीने त्यांना रोज हजेरीनंतर उभे केले जाते तीच पद्धत आपल्या मुलीला लवकर शिकायला मिळते, याचे त्यांना अप्रूप होते. नाराज फक्त कुरुळीची एक आई होती. पॅकिंगला पहिली शिफ्ट करून, डबा हातात तसाच घेऊन ती मुलीला न्यायला येई. ती एकदा फळ्याकडे बघत म्हणाली, “आमच्या लाइनीवं बी असाच हाय. पन तितं पगार तरी देत्यात.” अध्यक्षही त्यावर हसले होते.

बाईंनी एक-दोनदा समितीला सांगून पाहिले की मुलींना आधी बसू द्या, खाऊ द्या, मग विचारा. समितीने नोंद घेतली. नोंद घेणे म्हणजे काय, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी आमचा सामना पुण्याहून आलेल्या एका संघाशी होता. बहुतेक वेळ आम्ही पुढे होतो. शेवटी शेवटी समोरच्या एका उंच मुलीने लागोपाठ गोल केले आणि सामना गेला. उन्हाला तेव्हा नुकती धार आली होती. फळा आला. ओळ लागली. माझी नात हेल्मेट काखेत धरून उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. तिचा बाप, माझा मुलगा, त्या दिवशी मैदानावर आला होता, आणि ओळीसमोरच्या पालकांत पुढेच उभा होता.

अध्यक्षांनी शेवटच्या गोलापासून सुरुवात केली. स्वर शांत होता. गोल का झाला, त्यांनी विचारले. ती म्हणाली, मी डावीकडे सरकले आणि चेंडू उजवीकडून आला. डावीकडे का? त्या उंच मुलीची काठी डावीकडे होती म्हणून. मग तिने काठी फिरवली ती का नाही दिसली?

नातीने हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतले. मार्करचे टोपण उघडे होते. मी कठड्यावरून उठून जवळ आलो आणि अध्यक्षांना म्हणालो की अल्पवयीन मुलीला असे सगळ्यांसमोर उभे करून विचारू नये, विचारायचेच असेल तर बाईंना विचारा. ते हसून म्हणाले, “काका, हे कोर्ट नाही हो. आपली घरचीच मंडळी आहेत.” आणि माझा मुलगा, माझ्याकडे न बघता, आपल्या मुलीला म्हणाला, “सांग बाळा खरं खरं. सर विचारतायत ना.”

तेव्हा ती म्हणाली, “माझे डोळे मिटले होते.”

“डोळे का मिटले?”

“चेंडू तोंडावर येतोय असं वाटलं.”

“पण हेल्मेट आहे ना आता चांगलं? तरी का?”

हा पाचवा ‘का’. तिने बाईंकडे पाहिले. ज्या गोलात बसून गेले वर्षभर तिला खरे बोलायला शिकवले गेले होते, त्याच सवयीने ती बोलली असावी. बाप खरे सांग म्हणाला होता. समोर माणसे तीच होती, मुली त्याच होत्या, माती तीच होती.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “दर वेळी वाटते. ताईंना माहितीये.”

अध्यक्षांनी लिहिले. ‘मूळ कारण’ या रकान्यात तिचा नंबर आणि पुढे ‘भीती’. थोडे थांबून त्याखाली आणखी एक ओळ: प्रशिक्षकांना माहीत होते, समितीला कळवले नाही. जबाबदार: प्रशिक्षक. मुदत: पुढचा रविवार. कोणीतरी मोबाईल वर करून फळ्याचा फोटो काढला.

बाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या. त्या आल्या, ओढणीचे टोक मुठीत धरले आणि ते दोन्ही ओळींवरून फिरवले. शाई ओली होती. अक्षरांचा निळा पट्टा झाला. त्या एवढेच म्हणाल्या, “हे आमच्यातलं हाय, सर. बाहेर आणायचं नसतंय.” अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, ही पर्सनल गोष्ट नाही, ही प्रोसेस आहे.” बाईंनी पिशवीची गाठ सोडली, निळ्या झालेल्या ओढणीनेच हात पुसला आणि पहिली मूठ माझ्या नातीपुढे धरली. तिने ती घेतली. खाल्ली नाही. घरी येईपर्यंत तिची मूठ मिटलेली होती. जिन्यात पायरीवर तिने शेंगदाणे ठेवले आणि वर गेली.

सोमवारच्या निरोपातला मजकूर मी शब्दशः देत नाही, कारण तो जसाच्या तसा छापण्याची परवानगी माझ्याकडे नाही; अर्थ देतो. खेळाडूच्या मानसिक अडचणीची माहिती प्रशिक्षकांनी समितीपासून लपवली, हे खेळाडूच्या स्वतःच्या सांगण्यावरून निष्पन्न झाले, सबब त्यांची सेवा थांबवण्यात येत आहे. फळा पुसल्याचा उल्लेख त्यात नव्हता. आरोपपत्र नाही, नोटीस नाही, उत्तराची संधी नाही. जिच्या साक्षीवर हे झाले, तिला ती साक्ष देते आहे हेदेखील कोणी सांगितले नव्हते. ती मुलगी ग्रुपवर नव्हती. पण तिच्या संघातल्या मुलींच्या आया होत्या, आणि मंगळवारी शाळेत तिला कोणीतरी विचारले, “तू ताईंचं नाव घेतलंस?”

एवढ्याच वाक्याने ती आजवर आजारी आहे. ताप नाही, खोकला नाही. काही विचारले की “काही नाही” म्हणते.

मुलाशी मी त्या आठवड्यात बोललो. तो कुरुळीजवळच्या एका शेडमध्ये गाड्यांच्या भागांना आधार देणारे लहान ब्रॅकेट बनवणारा कारखाना चालवतो. त्याचा माल जातो तो अध्यक्षांच्या कंपनीत. तिथे माल घ्यायचा की परत पाठवायचा हे अध्यक्षांचा विभाग ठरवतो. हे मला आधीही माहीत होते, पण मैदानाशी त्याचा संबंध असेल असे मी धरले नव्हते. मी विचारले की सगळ्या पालकांसमोर तू तिच्या बाजूने एक शब्द का बोलला नाहीस. त्याने बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, “अण्णा, सोमवारी त्यांच्याच गेटवर माझा टेम्पो उभा राहतो. रविवारी मी काय बोलणार?”

मला त्याच्यावर ओरडायचे होते. ओरडलो नाही. त्याच्या तळहाताला लागलेला कुलंटचा, म्हणजे मशिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, वास त्या खोलीत भरला होता, आणि तो माझ्यासमोर लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर बसायचा तसा बसला होता. तरीही जबाबदारांच्या यादीत मी त्याला ठेवले आहे, आणि हा मजकूर त्याला वाचायला दिला आहे. त्याने त्यातले काही खोडले नाही.

पत्रे मी सगळ्यांना लिहिली. अध्यक्षांना, समितीच्या प्रत्येक सभासदाला. माझे मुद्दे साधे होते. आरोप काय? पुरावा काय? ज्यांच्यावर आरोप त्यांचे म्हणणे कोणी ऐकले? मुलीच्या भीतीबद्दल बोलायचे तर भीती ही अडचण आहे असे कोणी ठरवले? दगडासारखा चेंडू तोंडावर येताना जिला भीती वाटत नाही अशी मुलगी मला दाखवा. अध्यक्षांनी माझ्या चार पानी पत्राला दोन जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. एका सभासदाने फोन केला आणि काकुळतीने म्हणाला, “काका, खेळच आहे हो. कशाला एवढं ताणता? नवीन सर आलेत, पोरी जिंकतायत.” जिंकतात हे खरे आहे. गोलात आता दुसरी मुलगी उभी असते. फळाही आहे. मुली आता पाचव्या ‘का’ला काय सांगायचे ते आधी आपापसात ठरवून येतात असे मला कळले आहे. खरे सांगायचे नाही, एवढे त्या शिकल्या.

होळीच्या आधी नातीने काठी माळ्यावर टाकली तेव्हा मी बाईंना शोधायला कुरुळीला गेलो. त्या बहिणीच्या खोलीत होत्या. कंपनीचा निळा गणवेश अंगात होता. आता त्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसतात. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. क्लबबद्दल त्यांनी काही विचारले नाही. विचारले ते इतकेच, की ती जेवते का. मी सगळे सांगितले. मी म्हणालो की तुम्ही लेखी द्या, मी पुढचे पाहतो, ही हकालपट्टी टिकणार नाही. त्यांनी मान हलवली. “नको, आजोबा. तिथं परत गेले तर पुन्हा फळा पुसावा लागंल. किती ओढण्यांनी पुसू?” हे त्या हसून म्हणाल्या. मग हसणे थांबवून म्हणाल्या, “त्या लेकराला सांगा, तिच्यामुळं काहीच झालं नाही. माझं सांगणं म्हणून सांगा.”

परतताना मी बसमध्ये ते वाक्य मनात घोळवत आलो, जणू तोंडी निकाल लिहून घेतला आहे. आल्या आल्या नातीला सांगितले. ती गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने हातातला चिमटा दोरीला लावला.

“ताई तसंच म्हणणार,” ती म्हणाली. “मला वाईट वाटू नये म्हणून.”

“खरं तेच आहे, बाळा.”

“मग सरांनी निरोपात माझं सांगणं का लिहिलं? मी सांगितलं म्हणूनच काढलं ना त्यांना? तुम्हीच वाचून दाखवलंत.”

आयुष्यभर साक्षी नोंदवलेल्या माणसाला तेरा वर्षांच्या साक्षीदाराने गप्प केले. निरोपात तसे लिहिलेलेच आहे, आणि जोवर ते तसे लिहिलेले आहे तोवर माझे म्हणणे म्हणजे आजोबांचे लाड, आणि बाईंचे म्हणणे म्हणजे ताईंची माया. तिच्या माथ्यावरचा हा आरोप ज्यांनी ठेवला त्यांनीच तो उतरवला तर उतरेल. दुसऱ्या कोणाच्या शब्दाला तिच्या लेखी किंमत नाही, आणि यात ती चूक नाही. अधिकार ज्याचा, दुरुस्तीही त्याचीच, हे तत्त्व मी स्वतः कित्येक निकालांत लिहिले आहे.

संध्याकाळी मी अजूनही खाली खुर्ची टाकतो. भिंतीवर गोल डागांचे ठिपके आहेत, खाली दाट, वर विरळ. परवा वॉचमन म्हणाला, “आबा, पोरगी न्हाई येत व्हय आता? भिंत रंगवायला सांगितल्याय सेक्रेटरीनं.” मी त्याला म्हणालो, थांबव. इतक्यात रंगवू नकोस. का थांबायचे हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नसते.

म्हणून आता अध्यक्ष महोदय, जाहीरपणे.

मला आपल्याकडून पत्र नको; माझ्याकडे पत्रे पुष्कळ आहेत. ग्रुपवर चित्र नको. पदाचा राजीनामा मी मागत नाही, बाईंना परत घ्या असेही म्हणत नाही, कारण त्या येणार नाहीत. येत्या कोणत्याही रविवारी, सामन्यानंतर, त्याच निंबासमोर, त्याच पालकांपुढे, मुली ओळीत नव्हे तर खाली बसलेल्या असताना, आपण उभे राहावे. माझी नात तेव्हा तिथे असेल; तिने यायचे कबूल केले आहे, मुलींच्या गोलात नाही, माझ्याजवळ कठड्यावर. आणि आपण तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: प्रशिक्षक बाईंना आपण या मुलीने खरे सांगितले म्हणून काढलेत, की त्यांनी आपला फळा पुसला म्हणून?

पहिले कारण असेल तर तसे सांगा, आणि इथून पुढे कोणत्याही मुलीला खरे विचारू नका. दुसरे असेल, आणि ते दुसरेच आहे हे आपल्याला, मला आणि त्या दिवशी तिथे असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, तर तेही सांगा, तिच्याकडे बघून सांगा, आणि त्यात तिचा नंबर घेऊ नका. मी कठड्यावर बसून राहीन. माझा मुलगा या खेपेला माझ्या शेजारी उभा राहील असे तो म्हणाला आहे. आपण यावे, आणि उत्तर द्यावे.